नवा कॅमशाफ्ट आणि जुने टॅपेट: ही जोडी का जमत नाही

अनेर नदीच्या काठी, चोपडा तालुक्यात आमची शेती आहे. केळी आणि कपाशी ही मुख्य पिके, आणि दोन्हींची कामे एकाच तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर चालतात. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या नांगरटीत त्या ट्रॅक्टरचे इंजिन वाजू लागले, एका सिलिंडरचा जोर कमी पडला, आणि उघडून पाहिल्यावर वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्याचा एक उंचवटा झिजलेला निघाला. कारागिराने नवा कॅमशाफ्ट आणायला सांगितले. तो आम्ही जळगावहून आणला. टॅपेटचे, म्हणजे त्या उंचवट्यांवर चालणाऱ्या छोट्या दट्ट्यांचे, काय, असे विचारल्यावर त्याने डिझेलच्या ट्रेमध्ये धुऊन ठेवलेले सहा टॅपेट उचलून दाखवले आणि तो म्हणाला, "चांगला शेतस भाऊ, बदलानी गरज नही." टॅपेट खरोखरच आरशासारखे चकाकत होते. पैसे वाचले या समाधानात आम्हीही मान डोलावली.

मीटरवर साठ तास भरायच्या आत, कपाशीच्या लागवडीच्या ऐन धांदलीत, तोच आवाज पुन्हा सुरू झाला. ऑईल काढले तर त्यात चंदेरी झाक दिसत होती. दोन बोटांत चोळल्यावर अतिशय बारीक पूड लागत होती. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हचा उंचवटा, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी कोरा करकरीत बसवलेला, जवळजवळ दोन मिलिमीटरने खाली बसला होता आणि त्यावर चालणाऱ्या टॅपेटचा तळ बशीसारखा खोलगट झाला होता. कारागीर कष्टाळू होता, त्याचा हात चांगला होता, आणि फिटिंगमध्ये त्याने काहीही चुकवलेले नव्हते. चकाकणारा टॅपेट चांगलाच असतो, हा एक समज मात्र त्याचा चुकीचा होता, आणि आमचाही. तो समज का चुकीचा आहे आणि कॅमशाफ्ट बदलताना टॅपेटचे नेमके काय करावे, हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे. नंतर ते दुसऱ्यांदा केलेले काम एसटीच्या आगारात तीस वर्षे इंजिने जुळवलेल्या आमच्या मामांच्या देखरेखीखाली झाले, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो.

इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे निदान दोन वॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरला असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे, हे कॅमशाफ्ट ठरवतो. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. या उंचवट्याला लोब म्हणतात. लोबची गोल बाजू टॅपेटखाली असते तोवर वॉल्व्ह बंद राहतो; निमुळते टोक खाली आले की टॅपेट वर उचलला जातो, तो पुशरॉड नावाच्या काडीला ढकलतो, पुशरॉड रॉकर नावाच्या तरफेला, आणि रॉकर स्प्रिंगचा जोर मोडून वॉल्व्ह उघडतो. ट्रॅक्टर, जुनी डिझेल जीप, ॲम्बेसेडर, पद्मिनी, विहिरीवरचे पाण्याचे इंजिन, या सगळ्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच आहे. सुट्या भागांच्या काही याद्यांत टॅपेटला लिफ्टर म्हटलेले असते, वस्तू एकच.

कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. ट्रॅक्टर १,५०० फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक टॅपेट मिनिटाला ७५० वेळा उचलला जातो, म्हणजे साठ तासांत २७ लाख वेळा. आणि प्रत्येक वेळी स्प्रिंगचा सगळा दाब लोब आणि टॅपेट यांच्यामधल्या अगदी अरुंद पट्टीवर येतो. संपूर्ण इंजिनात धातूवर धातू घासण्याची इतकी कठीण जागा दुसरी क्वचितच असेल. मुख्य बेअरिंगना तेल पंपाच्या दाबाने मिळते. लोबला मात्र बहुतेक जुन्या इंजिनांत क्रँक फिरताना उडालेल्या तेलावरच भागवावे लागते.

आता मूळ मुद्दा. साध्या टॅपेटला सपाट तळाचा टॅपेट म्हणतात, आणि या नावानेच सगळा गैरसमज होतो, कारण बहुसंख्य इंजिनांत त्याचा तळ सपाट नसतोच. तो मध्यभागी किंचित फुगीर असतो. किती किंचित, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. अनेक इंजिनांत ही फुगवटी सुमारे सव्वा मीटर त्रिज्येच्या प्रचंड गोळ्याचा पृष्ठभाग असावा अशी ठेवलेली असते. टॅपेटच्या तळाचा व्यास २१ मिलिमीटर धरला तर मधला भाग कडेपेक्षा जेमतेम ०.०४ मिलिमीटरने उंच येतो. डोक्याच्या केसाची जाडीसुद्धा सहसा याहून जास्त असते. त्याच्या जोडीला लोबही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो, आणि टॅपेटचा मध्य लोबच्या मध्यावर न ठेवता थोडा बाजूला सरकवलेला असतो. या तिन्ही गोष्टींमुळे लोबचा स्पर्श टॅपेटच्या मध्यापासून थोडा बाजूला होतो आणि प्रत्येक उचलीबरोबर टॅपेट स्वतःभोवतीही थोडासा फिरतो. हे फिरणेच त्याचे आयुष्य आहे. टॅपेट फिरत राहिला की दाब दर वेळी तळाच्या वेगळ्या भागावर पडतो, तेलाला आत शिरायला जागा मिळते, आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. तो फिरायचा थांबला की लोब एकाच रेघेवर घासत राहतो, तिथले तेल पुसले जाते, उष्णता वाढते, वरचा कठीण थर फुटतो, आणि त्याखालचा मऊ धातू खडूसारखा झिजू लागतो. एकदा ही झीज सुरू झाली की ती थांबवणारे तेल किंवा औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

हजारो तास चाललेल्या जुन्या टॅपेटची ती ०.०४ मिलिमीटरची फुगवटी बहुधा गेलेली असते. तो ज्या लोबवर चालला त्या लोबच्या उताराला, त्याच्या बारीकसारीक खाचांना त्याचा तळ जुळून गेलेला असतो. आमच्याकडे जात्याला घरोटा म्हणतात. ज्यांच्या घरी घरोटा होता त्यांना ठाऊक असेल की त्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घासून एकमेकींच्या होतात, आणि एका घरोट्याची वरची तळी दुसऱ्याच्या खालच्या तळीवर ठेवली तर दळण नीट पडत नाही. टॅपेट आणि लोब यांचेही तेच. म्हणून जुना कॅमशाफ्ट आणि जुने टॅपेट पुन्हा बसवायचे असतील तर ते चालतात, मात्र प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळ जागीच गेला पाहिजे. आमच्या पहिल्या कामात ट्रेमध्ये धुताना सहाही टॅपेट एकमेकांत मिसळले होते. त्याच क्षणी ते जुन्या कॅमशाफ्टसाठीही निरुपयोगी झाले होते. नव्या कॅमशाफ्टवर तर जुना टॅपेट, कितीही चकाकत असला तरी, कोणत्याच जागी चालत नाही. ती चकाकी घासून आलेली असते.

हे मी मामांकडून ऐकले तेव्हा मला ते पटले, पण दिसले नव्हते. मग त्यांनी ओसरीवर पायरीशी बसून एक पोलादी पट्टी मागवली. पट्टीची कड टॅपेटच्या तळावर आडवी धरून त्यांनी ती डोळ्यांसमोर, उजेडाच्या दिशेने नेली. नव्या टॅपेटवर पट्टी मध्यावर टेकली होती आणि दोन्ही कडांना उजेडाची केसासारखी बारीक फट दिसत होती. पट्टी एका बाजूला हलकेच दाबली की ती डुलत होती. ज्यांना आम्ही चांगले समजलो होतो त्या जुन्या टॅपेटवर पट्टी सपाट बसली, उजेड कुठेच दिसला नाही, आणि ती डुललीही नाही. ज्याने लोब खाल्ला होता त्याच्यावर उजेड नेमका मध्यातून येत होता. पट्टी नसेल तर दुसऱ्या टॅपेटची उभी बाजू तळावर टेकवूनही ही परीक्षा करता येते. तिला खर्च काहीच नाही, वेळ एका मिनिटाचा लागतो, आणि माझी कळकळीची विनंती आहे की कॅमशाफ्टचे काम निघेल तेव्हा प्रत्येक मालकाने ती स्वतःच्या डोळ्यांनी करून पाहावी.

याच संदर्भात जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या एका कामाविषयी सावध करणे मला गरजेचे वाटते. नवा कॅमशाफ्ट मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर जुना घासून, म्हणजे ग्राइंडिंग करून घेतात. काम जाणकाराने केले तर त्यात गैर काही नाही. मात्र घासलेला कॅमशाफ्ट हा टॅपेटच्या दृष्टीने नवाच असतो, त्यामुळे टॅपेटही नवेच लागतात. शिवाय लोबची गोल बाजू घासून लहान झालेली असल्याने टॅपेट पूर्वीपेक्षा खाली बसतो आणि रॉकरचा स्क्रू तेवढा खाली आणावा लागतो. स्क्रूला तेवढी जागा उरते आहे का, हे आधीच पाहावे. काही ठिकाणी ग्राइंडिंगबरोबर टॅपेटचे तळही "साफ करून" देतात. साध्या यंत्रावर धरून तळ अगदी सपाट घासला तर तो दिसायला सुंदर दिसतो, पण फुगवटी गेल्यामुळे टॅपेट फिरत नाही. तळ घासायचाच असेल तर फुगवटी राखून घासणाऱ्याकडेच तो द्यावा. असा कारागीर सापडला नाही तर नवे टॅपेट घ्यावेत. कॅमशाफ्ट, मजुरी आणि हंगामात उभा राहिलेला ट्रॅक्टर यांच्या तुलनेत टॅपेटच्या संचाचा खर्च किरकोळ असतो.

सगळेच टॅपेट असे नसतात, हेही सांगायला हवे. काही इंजिनांत टॅपेटच्या टोकाला छोटे चाक असते, त्याला रोलर टॅपेट म्हणतात. चाक लोबवर घासण्याऐवजी गडगडत जाते, त्यामुळे जोडी जमण्याचा प्रश्न तिथे येत नाही, आणि चाकात खेळ नाही, त्यावर खड्डे नाहीत, आतल्या सुईसारख्या बेअरिंगचा आवाज नाही, असे असेल तर जुने रोलर टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर चालू शकतात. हे टॅपेट मात्र स्वतःभोवती फिरता कामा नयेत. त्यांना सरळ धरणारी पट्टी किंवा खाच नीट बसली पाहिजे. दुसरा प्रकार हायड्रॉलिक टॅपेटचा. त्याच्या पोटात तेलावर तरंगणारी दट्ट्या असते आणि ती गॅप, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्ह यांमधली मोकळी फट, आपोआप भरून काढते. बुलेटच्या २००८ नंतर आलेल्या पहिल्या एकसंध बांधणीच्या इंजिनात असे टॅपेट आहेत, म्हणून जुन्या लोखंडी बुलेटसारखे त्यांचे सेटिंग वरचेवर करावे लागत नाही. हायड्रॉलिक टॅपेटचा तळ साधा असेल तर वरचा फुगवटीचा सगळा नियम त्यालाही लागू होतो, आणि शिवाय जुन्या टॅपेटच्या पोटात काजळी व धातूची पूड अडकलेली असते. आधीचा कॅमशाफ्ट झिजून गेला असेल तर ती पूड अडकलेलीच असते असे समजावे. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत पुशरॉड नसतातच, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो आणि त्याखाली वाटीसारखे टॅपेट असतात. त्या गाड्यांविषयी हा लेख नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागातून कॅमशाफ्ट बाहेर ओढायचा म्हणजे रेडिएटर, पुढचा एक्सल आणि टायमिंगचे झाकण उतरवावे लागते; ते काम कोणताही चांगला कारागीर जाणतो, त्यामुळे त्याचा विस्तार करत नाही. पुशरॉड काढताना ते पुठ्ठ्याला भोके पाडून, क्रमांक घालून खोचून ठेवावेत. टायमिंग गिअरवरच्या खुणा उघडताना जुळवून पाहाव्यात, म्हणजे परत बसवताना शंका राहत नाही; डिझेल इंजिनात फ्युएल पंपाचा गिअरही त्याच साखळीत असतो. खरी अडचण वेगळीच असते. बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनांत टॅपेटचा तळ छत्रीसारखा रुंद असतो, त्याच्या वरच्या दांड्यापेक्षा मोठा. असा टॅपेट वरून काढता येत नाही. तो खालूनच, कॅमशाफ्ट बाहेर आल्यावरच निघतो. कॅमशाफ्ट ओढताना टॅपेट वर धरून ठेवले नाहीत तर ते लोबमध्ये अडकतात किंवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडतात. मामांनी चेंबर आधीच उतरवले होते आणि प्रत्येक टॅपेट वर उचलून त्याला लोहचुंबकाच्या काडीने धरून ठेवले होते. ज्यांना इंजिन उतरवून उलटे ठेवणे शक्य आहे त्यांचे काम याहून सोपे होते.

चेंबर उतरवलेले असतानाच आतले सगळे धुऊन घ्यावे. आमच्या इंजिनातली ती चंदेरी पूड साठ तास तेलाबरोबर सर्वत्र फिरली होती, आणि मामांनी क्रँकच्या बेअरिंगच्या दोन वाट्या काढून दाखवल्या तेव्हा त्यांवर लोखंडाचे कण टोचून बसलेले दिसले. त्या वाट्या बदलल्या, तेलाच्या वाहिन्या डिझेलने धुऊन हवेने फुंकल्या, पंप उघडून पाहिला. कॅमशाफ्ट खाल्ला गेलेल्या इंजिनात फक्त कॅमशाफ्ट बदलून भागत नाही, कारण ती पूड नव्या टॅपेटच्या वाट्यालाही येते.

नवा टॅपेट त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे तो ज्या भोकात खालीवर सरकतो त्यात, घालण्याआधी बोअर स्वच्छ असावा. जुन्या तेलाचा वाळलेला तपकिरी लेप तिथे चिकटलेला असतो आणि तो टॅपेटला फिरू देत नाही. लेप काढावा, पण बोअर खरवडून मोठा करू नये, कारण टॅपेट आणि बोअर यांमधली मोकळीक अवघी काही शतांश मिलिमीटर असते. टॅपेटला ऑईल लावून बोअरमध्ये सोडला की त्याने आपल्या वजनाने अलगद उतरावे आणि दोन बोटांनी फिरवल्यावर कुठेही न अडखळता फिरावे. नव्या कॅमशाफ्टवर काळसर थर असतो. तो गंज नाही आणि मळही नाही. तेल धरून ठेवण्यासाठी कारखान्यात मुद्दाम दिलेला फॉस्फेटचा थर आहे. बारीक पॉलिश पेपर घेऊन तो "चमकवण्याचा" मोह आवरावा. प्रत्येक लोबवर आणि प्रत्येक टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट भरपूर लावावी; टॅपेटच्या बाजूंना मात्र साधे इंजिन ऑईलच लावावे. साधे ग्रीस या जागी उपयोगाचे नाही.

सगळे जुळवल्यावर, झाकण बंद करण्याआधी, मामांनी आणखी एक परीक्षा केली आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्रत्येक पुशरॉडच्या वरच्या टोकाला पांढऱ्या तेलखडूने एक रेघ मारली, सगळ्या रेघा एकाच दिशेला ठेवल्या, आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून मला इंजिन हळूहळू फिरवायला सांगितले. दोन फेऱ्यांत पाच रेघा थोड्या थोड्या सरकल्या. सहावी होती तिथेच राहिली. त्यांनी तो रॉकर सैल केला, टॅपेट पाहिला, बोअरच्या कडेला राहिलेला वाळल्या लेपाचा एक कण काढला, पुन्हा पेस्ट लावली, आणि मग सहावी रेघही हलली. तो कण राहिला असता तर नवे कोरे टॅपेट बसवूनसुद्धा तो लोब गेला असता. इंजिन हाताने फिरवणे मात्र दोन-तीन फेऱ्यांपुरतेच ठेवावे, कारण जास्त फिरवल्यास पेस्ट पुसली जाते.

आता पहिला स्टार्ट. नव्या कॅमशाफ्टचे आयुष्य पहिल्या अर्ध्या तासात ठरते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. या अर्ध्या तासात टॅपेट आणि लोब एकमेकांना जुळून घेतात, आणि त्या वेळी इंजिन आयडलवर चालता कामा नये. आपल्याकडे उलटाच समज आहे: नवे काम झाले की इंजिन हळू चालवावे, त्याला त्रास देऊ नये. पिस्टन आणि रिंगांच्या बाबतीत त्या सावधपणाला अर्थ असेल, लोबच्या बाबतीत नाही. कारणे दोन आहेत. क्रँक हळू फिरला की तेल कमी उडते आणि लोब कोरडा पडतो. शिवाय हळू वेगात लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण दाब येतो; वेग वाढला की वर उचलल्या गेलेल्या टॅपेट, पुशरॉड आणि वॉल्व्ह यांचा स्वतःचा जोर स्प्रिंगच्या विरुद्ध काम करतो आणि टोकावरचा दाब कमी होतो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या इंजिनांसाठी २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटे, वेग मधूनमधून कमीजास्त करत, असा प्रघात आहे. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची कमाल मर्यादाच २,००० ते २,२०० च्या आसपास असते, त्यामुळे तो आकडा तसाच उचलू नये. कंपनीच्या पुस्तकात दिले असेल ते पाळावे. आमच्या ट्रॅक्टरवर मामांनी १,४०० ते १,८०० च्या दरम्यान वेग खालीवर करत अर्धा तास ठेवला. सरासरी १,६०० धरले तरी एवढ्या वेळात प्रत्येक टॅपेट २४,००० वेळा उचलला गेला.

हा अर्धा तास विनाखंड मिळावा म्हणून तयारी आधीच करावी लागते. डिझेल इंजिनातली हवा हाताच्या पंपाने पूर्ण काढून घ्यावी, म्हणजे पहिल्याच सेल्फला इंजिन लागेल. सेल्फ मारत राहणे हे लोबसाठी आयडलपेक्षाही वाईट, कारण वेग त्याहून कमी आणि तेल जवळजवळ नाहीच. नवा ऑईल फिल्टर बसवता येईल तितका तेलाने भरून बसवावा. पुशरॉडच्या भोकांतून टॅपेटवर थोडे ऑईल ओतावे. वॉल्व्हचा गॅप फिलर गेजने पुस्तकाप्रमाणे लावलेला असावा. रेडिएटर भरलेला, पट्टा ताणलेला, आणि कुठे गळती होते का हे पाहायला एक माणूस टॉर्च घेऊन बाजूला उभा असावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; अशा दुपारी ट्रॅक्टर उभा ठेवून अर्धा तास रेसवर चालवला तर पाणी तापणारच. म्हणून आम्ही ते काम पहाटे साडेपाचला केले. मध्येच काही गडबड झाली तर इंजिन आयडलवर आणून शोधत बसू नये, सरळ बंद करावे, दोष काढावा आणि उरलेली मिनिटे पुन्हा पूर्ण करावीत. अर्धा तास झाल्यावर ते तेल आणि फिल्टर लगेच बदलावे. पहिल्या तेलात पेस्टमुळे काळपटपणा येतो, त्याने घाबरू नये. लोहचुंबक फिरवून पाहावे. किंचित काळा चिखल चिकटला तर ते जुळण्याचे लक्षण, चकाकणारे कण दिसले तर मात्र झाकण पुन्हा उघडावे.

तेल कोणते, हा प्रश्न ओघाने येतोच. टॅपेट आणि लोब यांमधले तेल दाबाने पिळून निघते तेव्हा शेवटचा आधार असतो तो तेलात मिसळलेल्या झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट या रसायनाचा. घर्षणाच्या उष्णतेने त्याचा काचेसारखा थर धातूवर बसतो; त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी असते, पण धातूला धातू लागू न देण्यास ती पुरते. याच रसायनातला फॉस्फरस मात्र गाडीच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आले. जगभरात त्यापायी पेट्रोल गाड्यांच्या तेलातला फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी होत गेला, आणि २००४ साली आलेल्या एसएम दर्जात हलक्या ग्रेडच्या तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठरली. रोलर किंवा नव्या रचनेच्या इंजिनांना त्याने बाधा येत नाही. पण नव्या कारसाठीचे महाग, पातळ तेल "चांगल्यातले" म्हणून जुन्या जीपमध्ये किंवा पद्मिनीत ओतणे म्हणजे तिच्या कॅमशाफ्टचे संरक्षण कमी करणे होय. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी मिळणाऱ्या १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाच्या डिझेल ऑईलमध्ये हे रसायन सहसा पुरेशा प्रमाणात असते, आणि सपाट तळाच्या टॅपेटवाल्या आमच्या इंजिनात आम्ही तेच वापरतो.

शेतीच्या इंजिनाला धुळीचाही विचार करावा लागतो. काळ्या जमिनीत कोरडी नांगरट करताना उडणारी धूळ एअर फिल्टरच्या सैल क्लिपमधून आत शिरली की ती शेवटी तेलातच येते, आणि जुळण्याच्या पहिल्या काही तासांत ती लोबसाठी पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून काम झाल्यावर पहिले दहा-पंधरा तास आम्ही ट्रॅक्टर नांगराला न जुंपता केळीच्या वाहतुकीला ठेवला, आणि फिल्टरची वाटी रोज संध्याकाळी धुतली.

पन्नास तासांनी थंड इंजिनावर सहाही वॉल्व्हचा गॅप पुन्हा मोजावा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावा. रॉकर, पुशरॉड आणि नट बसताना सगळ्यांत थोडाथोडा फरक पडतो. त्याची चिंता नाही. एकाच वॉल्व्हचा गॅप इतरांपेक्षा वेगळा आणि स्पष्टपणे वाढलेला असेल तर स्क्रू आवळून आवाज बंद करू नये, कारण त्या जागी लोब बसत चालल्याची ती पहिली खूण असते आणि आवळलेला स्क्रू तिला झाकून टाकतो. अशा वेळी त्या पुशरॉडवर डायल गेज लावून त्याची उचल शेजारच्या त्याच प्रकारच्या वॉल्व्हच्या उचलीशी ताडून पाहावी, म्हणजे इनटेक इनटेकशी आणि एक्झॉस्ट एक्झॉस्टशी. आमच्या वहीत त्या दिवशी मामांच्या अक्षरात सहा आकडे लिहिलेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक ०.०५ मिलिमीटर आहे, आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट त्यांच्या बरोबर मध्ये आहे.